आवाज दादाचाच होता

आमच्या घरात सूर एकाच भावाला मिळाला, आणि तो मी नव्हे. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी मला हाताला धरून मागच्या रांगेत नेलं आणि कानाशी वाकून प्रेमाने सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून आजतागायत मी ओठ हलवतोय. आरती असो, राष्ट्रगीत असो, कुणाच्या वाढदिवसाचं गाणं असो, माझ्याइतकं तल्लीन होऊन न गाणारा माणूस अख्ख्या ठाण्यात मिळायचा नाही. ह्या कलेचा मला कधी काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. झाला. झाला नसता तर बरं झालं असतं.

दादा माझ्यापेक्षा बराच मोठा. डोंबिवलीत राहतो, मी वर्तकनगरला. तो तिकडच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला होता आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गायचा. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, की ऑर्केस्ट्रातल्या गायकाला स्वतःचा आवाज असून चालत नसे. प्रत्येकजण कुणाचा तरी आवाज असायचा. बोर्डावर तसंच लिहिलेलं असे, अमक्या गायकाचा आवाज, तमक्या गायिकेचा आवाज. दादा एका फार मोठ्या गायकाचा आवाज होता. इतका हुबेहूब, की कल्याणच्या एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांनी पडद्यामागे जाऊन टेपरेकॉर्डर कुठे लपवलाय ते शोधलं होतं. दादा हा किस्सा पदक दाखवावं तसा सांगायचा. कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, गणपती, नवरात्र, हळदी. कारखान्यातला रंग नखांत आणि गळ्यात दुसऱ्याचा आवाज, असा आमचा दादा.

स्टेजवर त्याची एक लकब होती. पहिल्या अंतऱ्याला टाळ्या पडल्या, की तो छातीवर हात ठेवून मान लववायचा आणि दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ स्वतः न म्हणता माईक लोकांकडे वळवायचा. लोक गायचे. म्हणजे ओरडायचे. वऱ्हाडातले मामा-काका तर बेंबीच्या देठापासून. दादा डोळे मिटून असा ऐकायचा, जणू समोर संगीत महाविद्यालय बसलंय. मग पुढची ओळ उचलायचा आणि मांडव डोक्यावर घ्यायचा. मी म्हणायचो, "दादा, फुकटात ओळ वाचवतोस." तो म्हणायचा, "अरे, लोकांना गाऊ दिलं की लोक तुला विसरत नाहीत."

मग डीजे आले आणि लोक विसरले. ऑर्केस्ट्रा बंद झाला, पुढे कारखानाही सुटला. दादा भाजी आणायला लागला, पेपरातलं कोडं सोडवायला लागला. गाणं म्हणजे वहिनींना मटार सोलून देताना काहीतरी गुणगुणणं, एवढंच उरलं.

माझी मुलगी ठाण्यातल्या एका इव्हेंट कंपनीत आहे. टीव्हीवर ते पुरस्कार सोहळे होतात ना, ज्यात पुरस्कार कमी आणि नाच जास्त असतात, त्यातलं बरंचसं काम ही पोरं करतात. गेल्या वर्षी एका चॅनलच्या सोहळ्यात जुन्या ऑर्केस्ट्रा गायकांना मानवंदना द्यायचं ठरलं. एक गाणं, एक गायक, आणि मागे पडद्यावर जुने फोटो. मुलीने काकाचं नाव सुचवलं आणि ते चक्क पास झालं.

ती बातमी द्यायला आम्ही डोंबिवलीला गेलो. दादाने ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"पैसे भरायला लागतील का?" वहिनींनी विचारलं.

"काकू! ते देणार आहेत."

"मग नक्की काहीतरी गडबड आहे."

आम्ही निघालो तेव्हा दादा जिन्यापर्यंत आला आणि पुतणीला म्हणाला, "कोट घालावा लागेल ना गं? माझा जुना आहे, पण तो आता मला घालत नाही." हा दादाचा विनोद. म्हणजे स्वारी खूश होती.

आधी रेकॉर्डिंग होतं. आमच्याच भागात एका इमारतीच्या तळघरात छोटासा स्टुडिओ होता, दादाबरोबर मी गेलो. काचेच्या अलीकडे मी, पलीकडे दादा. संगीत संयोजक साधारण माझ्याच वयाचा, दाढी वाढवलेला, बोलायला अतिशय मृदू. दादाने कानाला हेडफोन लावला, घसा साफ केला आणि मुखडा घेतला. तोच तो आवाज, हुबेहूब. मला कल्याणचे ते आजोबा आठवले.

संयोजकाने थांबवलं. "काका, सुंदर. पण हा आवाज तर मूळ रेकॉर्डवर आहेच ना. मी तीच लावीन मग. मला तुमचा द्या."

"माझा म्हणजे?"

"तुमचा. तुम्ही घरी गाता तसा."

काचेतून मला दादाचा चेहरा दिसत होता. सत्तरीच्या घरातल्या माणसाला कुणी अचानक त्याचं खरं नाव विचारावं आणि ते जिभेवर येऊ नये, तसा. त्याने दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तोच मोठा गायक बाहेर आला. मग त्याने चहा मागितला. चहा आला. कप हातात धरून, बसल्या बसल्या, माईककडे न बघता त्याने मुखडा गुणगुणला. संयोजकाने बोटाने मला गप्प राहायची खूण केली. मी गप्पच होतो, पण ठीक आहे.

मग दादा उभा राहिला आणि पूर्ण गाणं गायला.

त्या आवाजाबद्दल लिहायचं म्हणजे माझ्यासारख्या बेसूर माणसाने आगाऊपणा करणं आहे. एवढंच सांगतो, की तो खालचा होता, जरा खरबरीत, कसलीच घाई नसलेला. आयुष्यभर मी ज्याचा भाऊ म्हणून मिरवलो त्याला मी पहिल्यांदा ऐकत होतो. दुसऱ्या अंतऱ्याला एके ठिकाणी त्याने अशी काही जागा घेतली, की संयोजकाने खुर्ची मागे सरकवली आणि नुसता बघत बसला.

बाहेर आल्यावर दादा रिक्षात बसला. मग म्हणाला, "घरी काही बोलू नकोस. तुझ्या वहिनीला पण नको. टीव्हीवरच ऐकू देत सगळे. एकदा तरी रे, एकदा तरी लोकांनी माझा ऐकावा."

मी हो म्हटलं. दिलेला शब्द आम्ही भाऊ पाळतो, हीच तर पंचाईत.

मुलीने खरा बॉम्ब नंतर टाकला. स्टेजवर गायचं नव्हतं. रेकॉर्ड केलेलं गाणं वाजणार, आणि काकांनी बंद माईक हातात धरून नुसते ओठ हलवायचे.

"म्हणजे मी गायचं नाही?" दादा.

"गा ना काका, बिनधास्त गा. फक्त ऐकू तुमचं रेकॉर्डिंग येणार. टीव्हीवर सगळेच असं करतात, मोठे मोठे पण. लाइव्हची रिस्क कोण घेणार?"

"माझी रिस्क?" दादा हसला. "मी पावसात गायलोय, लाइट गेल्यावर गायलोय, मांडवात मारामारी चालू असताना गायलोय. आणि रिस्क?"

पण चॅनलचा नियम तो नियम. दादाला ते पटलं असावं, कारण आवाज तर त्याचाच जाणार होता. प्रश्न ओठांचा होता, आणि इथे मी पुढे झालो. म्हटलं, दादा, आयुष्यभर तू मला गाण्यातलं काहीबाही सांगत आलास. आता ऐक. ह्या विषयात तुझ्या घरात उस्ताद बसलाय.

पुढचे काही रविवार मी डोंबिवलीला शिकवणीला जात होतो. कपाटाच्या आरशासमोर दादा, हातात माईक म्हणून लाटणं, फोनवर त्याचंच गाणं. ते फोनमधून बारीक आवाजात लागायचं आणि वहिनींना मुद्दाम बाजारात पाठवलेलं असायचं. आणि त्याला ते जमेना. हसू नका, पण ज्याचं गाणं त्यालाच ते म्हणता येईना. कारण स्वतःच्या आवाजात दादा एक ओळ दोनदा सारखी म्हणतच नाही. त्याने ती कधी तशी म्हटलीच नव्हती. आज हरकत आधी, उद्या नंतर. आज इथे ठहराव, उद्या तिथे श्वास. रेकॉर्डिंगमधला दादा पुढे गेलेला असायचा आणि आरशातला दादा अजून मागच्या शब्दाशी लाडात आलेला.

"इथे श्वास घेतलायस तू," मी थांबवायचो.

"माझा श्वास तू मला सांगणार?"

"फोन सांगतोय."

"फोनचं चुकलंय."

एकदा वहिनी मध्येच परत आल्या. लाटणं शोधत होत्या. दादाने फोन घाईघाईने बंद केला. आम्ही काय करतोय ते त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, "भावजी, तुम्ही नाद सोडा. लग्न झाल्यापासून ह्यांनी एकच गोष्ट दोनदा सारखी सांगितलेली नाही. गाणं काय सारखं म्हणणार?"

पण मी चिकाटीचा मास्तर. कुठे ओठ मिटायचे, कुठे हनुवटी उचलायची, कुठे माईक तोंडाशी इतका घ्यायचा की चूक झाली तरी झाकली जाईल, सगळं शिकवलं. शेवटी त्याला ते जमलं. जमलं तेव्हा आरशात तो माझ्यासारखा दिसायला लागला होता. तेव्हा मला त्याचं फार कौतुक वाटलं. आता वाटतं, तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं.

सोहळा बाळकुमच्या बाजूला एका मोठ्या हॉलमध्ये होता. पासेस मोजकेच. माझी बायको म्हणाली, "तुम्हीच जा, मी टीव्हीवर बघीन. तिथे जेवण चांगलं नसतं." वहिनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात घेतलेली पैठणी नेसल्या होत्या, आणि आम्हाला अगदी मागे, जिथे टाळ्या वाजवायला आणलेली कॉलेजची मुलं बसली होती, तिथे बसवलं. पुढे कलाकार. एक माणूस कानाला यंत्र लावून सगळ्यांसमोर फिरत होता. त्याने हात वर केले की आमच्या बाजूने टाळ्या, अजून वर केले की शिट्ट्या. वहिनींना हे फार आवडलं. "आपल्या सोसायटीच्या मीटिंगला असा माणूस पाहिजे," म्हणाल्या.

दादा स्टेजवर आला. नवीन कोट, केसांना हलका रंग, तोंडाला पावडर. मागच्या पडद्यावर त्याचाच तरुणपणीचा फोटो, बेलबॉटम घातलेला. संगीत सुरू झालं. मुखडा. मी खुर्चीच्या कडेला येऊन त्याच्याबरोबर ओठ हलवत होतो, ते तर मला येतंच. एकही ओठ चुकला नाही. आवाज हॉलभर गेला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टेजकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. पहिला अंतराही स्वच्छ पार पडला.

आणि त्या कानयंत्रवाल्याने दोन्ही हात वर केले.

टाळ्या पडल्या. धो धो. आजूबाजूची पोरं शिट्ट्या मारायला लागली. आता त्या टाळ्या हातांच्या इशाऱ्यावरच्या आहेत हे आम्हाला दिसत होतं, कारण आम्ही मागे होतो. दादाच्या डोळ्यांवर दिवे होते. त्याला फक्त टाळ्या ऐकू आल्या. कितीतरी वर्षांनी ऐकू आल्या, आणि त्याही ह्या आवाजाला. त्याने छातीवर हात ठेवला. मान लववली.

मी "नको, नको" असं पुटपुटलो, पण माझा आवाज कुठे पोचतो?

दुसरा अंतरा सुरू झाला आणि दादाने हसून माईक लोकांकडे वळवला.

लोक गायले नाहीत. कसे गाणार? गायला दादाच. माईक पुढे धरून, तोंड मिटून, प्रसन्न चेहऱ्याने दादा उभा होता, आणि हॉलमध्ये त्याचाच आवाज ती अवघड जागा इतक्या सहज घेत होता, की दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी रडलो असतो. आधी पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग हसू खुर्च्यांवरून मागे मागे येत आमच्यापर्यंत पोचलं. दादाला वाटलं असावं लोक खूश झालेत, कारण तो अजून जरा हसला. मग कळलं. माईक झटकन तोंडाशी नेला, पण गाणं पुढे गेलेलं. देवळाबाहेर गर्दीत आपलीच चप्पल शोधावी तसा तो स्वतःचाच आवाज शोधत राहिला. इथे ओठ उघडले तर शब्द संपलेला, तिथे मिटले तर तान चालू. गाणं संपेपर्यंत तो सापडला नाही.

निवेदक, जो विनोदी नट म्हणून ओळखला जातो, धावत आला. "काकांसाठी जोरदार टाळ्या! गाणं पोटातून यावं म्हणतात, काकांनी तर तोंड मध्ये येऊच दिलं नाही!" हॉल लोळला. कानयंत्रवाल्याला हात वर करायची गरजच पडली नाही. दादाने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग मधे, जुन्या शिस्तीने, आणि आत गेला.

मुलगी स्टेजमागे भांडत होती. "सर, परत घेऊ ना एकदा, अर्धाच अंतरा." तिला सांगितलं, वेळ नाही, पुढचा डान्स उभा आहे, एडिटमध्ये बघू.

घरी जाताना गाडीत दादा मागे बसला होता. शीळ फाटा मागे पडला. मग तो म्हणाला, "एडिटमध्ये काढतात ना गं तेवढं? तशा ओळीला लोकांचे चेहरे दाखवतात, मी पाहिलंय."

"काढतील काका," मुलगी म्हणाली. तिने आरशातून मागे पाहिलं नाही.

वहिनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाल्या, "आवाज मात्र छान लागला होता हं." कुणाचा, ते त्यांनीही म्हटलं नाही आणि दादानेही.

प्रक्षेपण रविवारी दुपारी होतं. दादाच्या घरात शेजारी जमले. दादाने कुणाला बोलावलं नव्हतं, पण डोंबिवलीत अशा गोष्टींना बोलवावं लागत नाही. वहिनींनी साबुदाणेवडे तळले. दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता, पाहुण्यासारखा.

काढलं नव्हतं. उलट ती ओळ आली तेव्हा चॅनलने ती हळू केली, खाली टुंईंग असा काहीतरी आवाज घातला, आणि दादाचा हसरा, मिटलेला चेहरा पडदाभर मोठा केला. मग तीच ओळ पुन्हा दाखवली.

घरात कुणी हसलं नाही. डोंबिवलीकर सभ्य. समोरचे काका, दादाचे इतक्या वर्षांचे शेजारी, ऑर्केस्ट्राच्या प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणारे, ते वडा खाता खाता आपुलकीने म्हणाले, "ह्या लोकांनी आवाज कुणाचा लावला होता हो तुम्हाला? चांगला होता पोरगा."

"माझाच होता," दादा म्हणाला.

"हो का," काका म्हणाले.

ते 'हो का' मला अजून ऐकू येतं. त्यात कुचकेपणा नव्हता. लहान मुलाने मी वाघ पाहिला म्हटल्यावर आपण जसं हो का म्हणतो, तसं होतं. आणि त्या बिचाऱ्यांची चूक तरी काय? ज्यांनी दादाला आयुष्यभर ऐकलं त्यांनी हा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

संध्याकाळी ऑर्केस्ट्रातल्या जुन्या ढोलकीवाल्याचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर घेतला, बहुतेक आम्हाला काहीतरी चांगलं ऐकवायला. "अरे काय हे, तुझा एवढा खणखणीत आवाज असताना दुसऱ्याचा लावून घेतलास? वय झालं तरी काय झालं? मला सांगायचंस, मी भांडलो असतो त्यांच्याशी." दादा म्हणाला, "पुढच्या वेळी सांगतो," आणि फोन ठेवला.

शेजारी गेल्यावर वहिनी ताटल्या गोळा करत म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंत? मला हॉलमध्येच कळलं होतं. मटार सोलताना म्हणता तो आवाज."

दादा म्हणाला, "तुला एकटीलाच कळला."

तो तुकडा मोबाइलवर फिरला. खोटे गायक पकडले गेले, अशा मथळ्याखाली. माझ्या ऑफिसात एका मुलाने तो मलाच दाखवला. एका रात्री न राहवून मी त्याच्याखाली लिहिलं, हा आवाज त्यांचाच आहे, मी त्यांचा सख्खा भाऊ, रेकॉर्डिंगला मी समोर होतो. सकाळी त्याच्याखाली उत्तर आलं होतं, "भावाचे पण ओठच हलतायत वाटतं." त्याला माझ्याबद्दल कुणी सांगितलं होतं, देव जाणे. इतकं खरं माझ्याबद्दल आजवर कुणी लिहिलेलं नाही.

मुलीचं काही वेगळंच चाललं होतं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, "काका, त्या संयोजक सरांना घेऊ, स्टुडिओतच तुमचा व्हिडिओ करू. लाइव्ह. तोच आवाज, तेच गाणं. टाकू या ऑनलाइन. सगळ्यांची तोंडं बंद."

"तोंड बंद करून काय होतं ते दाखवलं ना मी," दादा म्हणाला. मुलगी हसली नाही. मग तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "अगं, मी काय कोर्टात उभा राहू? हा माझा गळा, ही त्याची सही? गाणं पटवून द्यायला लागलं की गाणं राहत नाही."

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, की एकदा कर, माझ्यासाठी कर. पण मला वाटलं, राहू दे, जखम ताजी आहे, थोड्या दिवसांनी बघू. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला थोड्या दिवसांनी बघू असतं. त्यातलं फारसं पुढे कुणी बघत नाही.

वहिनी फोनवर एकदा सहज म्हणाल्या, "भावजी, आता घरात मटार सोलताना फक्त शेंगांचा आवाज येतो."

प्रजासत्ताक दिनाला दादाच्या सोसायटीत सत्यनारायण असतो. पूजेनंतर गाण्याचा कार्यक्रम. हल्ली तिथे एक कराओके ग्रुप झालाय. निवृत्त लोक, दोन स्पीकर, एक लॅपटॉप, आणि उत्साह भरपूर. आम्ही सगळे गेलो होतो. दादा मागे भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. समोरच्या काकांनी माईक घेतला. "आपल्या इमारतीत एक खरा गायक राहतो. टीव्हीवाल्यांनी त्याच्यावर अन्याय केला. आज आपण तो दूर करायचा."

टाळ्या. ह्या खऱ्या होत्या. कुणी हात वर केले नव्हते.

दादाने नाही म्हटलं. मग ढोलकीवाला, त्याला मुद्दाम बोलावून आणलेलं, म्हणाला, "चल ना यार, मी वाजवतो." काहीजणांनी दादाला उठवलंच. मी वहिनींकडे पाहिलं. त्या प्रसादाच्या द्रोणांत शिरा भरत होत्या, पण हात थांबला होता. मुलीने फोन काढला. मला माहीत होतं ती काय टिपायला बघतेय, आणि मलाही तेच हवं होतं. आता दादा गाईल, त्याच्या आवाजात. आणि हे लोक, हीच माणसं, ऐकतील.

लॅपटॉपवर संगीत सुरू झालं. एक आजोबा उठून स्पीकरला कान लावून उभे राहिले, आत रेकॉर्ड तर नाही ना ते बघायला. लोक हसले. दादाही हसला. मग त्याने समोर पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पहिला सूर लावण्याआधी तो क्षणभर थांबला, आणि मला वाटलं, आला, आता आला.

त्याने त्या मोठ्या गायकाचा आवाज लावला.

हुबेहूब. वय झालंय, पण एक धागा इकडचा तिकडे नाही. पहिल्याच ओळीला समोरचे काका उभे राहिले. "हां! हा! हा आमच्या दादांचा आवाज!" अंगणभर टाळ्या. बायकांनी फोन वर केले. ढोलकीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो वाजवता वाजवता मान हलवत होता, आता कसं, आता कसं. गाणं संपलं तेव्हा लोकांनी अजून एक मागितलं. दादाने अजून एक दिलं, मग आणखी एक. सगळी त्याच आवाजात. स्पीकरपाशी उभे असलेले आजोबा म्हणाले, "शंभर टक्के ओरिजिनल."

माझ्या मुलीने फोन खाली घेतला होता.

दादा घाम पुसत आमच्याकडे आला. चेहरा टवटवीत. लोक पाठीवर थापा मारत होते, कुणीतरी पुढच्या महिन्याच्या हळदीचं आमंत्रण देत होतं, आणि तो हो हो म्हणत होता. त्याला हवं होतं ते त्याला मिळत होतं. असं मी स्वतःला सांगितलं.

"एक नंबर झालं, दादा," मी म्हणालो.

"लोकांना ओळखीचं दिलं की बरं असतं," तो म्हणाला.

वहिनींनी शिऱ्याचा द्रोण त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, एक घास खाल्ला, आणि त्या काही म्हणतील म्हणून थांबला.

"गरम आहे, सावकाश," वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाचा द्रोण भरायला वळल्या.